बरा झालेला मणका आणि न संपलेली दुखापत

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात सूर्योदयाची वाट कोणी पाहत नाही. नाशिक, पुणे, सातारा या जिल्ह्यांकडून रात्रभर धावत आलेले ट्रक पहाटेच गाळ्यांसमोर लागतात, फाळके उघडले जातात आणि माथाडींच्या टोळ्या गोणी उतरवू लागतात. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून खाडीपलीकडे येथे आला. पुढे १९९६ पर्यंत मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला यांचे बाजारही आले. तेव्हापासून मुंबईच्या स्वयंपाकघरांत शिजणाऱ्या अन्नाचा फार मोठा भाग एकदा तरी या माणसांच्या माथ्यावरून किंवा पाठीवरून गेलेला असतो. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी, अशी या शब्दाची साधी फोड केली जाते; परंतु त्या ओझ्याचा खरा भार माथ्याखालचा मणक्यांचा कणा पेलत असतो.

हा कणा कधी कधी एका क्षणात दगा देतो. सडक्या भाजीपाल्याच्या चिखलावरून पाय घसरतो, ट्रकच्या हौद्यातून तोल जातो, डोक्यावरच्या गोणीसकट माणूस कोसळतो. तुर्भ्याच्या आसमंतात अशा अपघातांना निमित्ते कमी नाहीत. एका अंगाला ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि त्यांच्या उंच टाक्या व शिड्या, दुसऱ्या अंगाला अहोरात्र वाहणारा शीव-पनवेल महामार्ग, पाठीशी एकेकाळी दगडखाणींनी गजबजलेले पारसिकचे डोंगर, आणि चहूकडे चढत जाणाऱ्या इमारतींच्या परांच्या. पाश्चात्त्य देशांतील वैद्यकीय ग्रंथांत मज्जारज्जूच्या इजेची कारणे सांगताना मोटारींचे अपघात आणि खेळांतील दुखापती यांना अग्रस्थान असते. आपल्याकडे त्यांच्या जोडीला झाडावरून, छपरावरून, विहिरीत वा परांचीवरून पडणे हे मोठे कारण आहे. आणि डोक्यावर ओझे असताना घसरून पडणे हे तर भारतीय उपखंडाचे स्वतःचे असे कारण आहे. ओझ्याचा सारा आघात अशा वेळी मानेच्या मणक्यांवर येतो.

त्यापुढची हकिकत साधारणपणे ठरलेली असते. शस्त्रक्रिया होते, मणक्याला आधार म्हणून धातूच्या पट्ट्या व स्क्रू बसतात, काही महिने अंथरुणावर जातात, मग चाकांची खुर्ची येते. भरपाईचा अर्ज, वैद्यकीय मंडळ, अपंगत्वाची टक्केवारी, प्रमाणपत्र अशी वाटचाल होऊन एके दिवशी कागदपत्रे पूर्ण होतात आणि फाइल बंद होते. घरचे लोक म्हणतात, 'जे व्हायचे ते होऊन गेले.' कार्यालयेही तेच धरून चालतात. दुखापत ही एका तारखेस घडलेली आणि त्या तारखेसच संपलेली घटना आहे, असे हे गृहीत आहे. वैद्यकशास्त्राला मात्र ते मान्य नाही. मणका जोडला गेल्यावरही आतला मज्जारज्जू वर्षानुवर्षे बदलत राहतो, आणि त्या बदलांपैकी काही असे असतात की जे वेळीच ओळखले नाहीत तर अपघाताने शिल्लक ठेवलेली शक्तीही हिरावून नेतात.

जगण्यातून उद्भवलेला प्रश्न

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मेंदूपासून निघून मणक्यांच्या पोकळीतून उतरत तो कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. वाटेत त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या फुटतात. इजा जेथे होते त्याच्या खालचा भाग मेंदूपासून तुटतो. मानेत इजा झाली तर हात आणि पाय दोन्ही जातात, पाठीत झाली तर पाय जातात. मूत्राशय आणि आतडी यांवरचा ताबा बहुधा दोन्ही प्रकारांत सुटतो.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसात मानेचा मणका मोडून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचे वर्णन आहे आणि त्याच्यावर उपचार करण्याच्या भरीस पडू नये, असा तेथील शल्यविशारदाचा निर्वाळा आहे. हा निर्वाळा विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ तसाच टिकला. पहिल्या महायुद्धात कंबरेखाली लुळे झालेले बहुसंख्य सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावले. नाझी जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयास आलेले लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशयाची शिस्तबद्ध निगा राखणे आणि त्याला कामाला व खेळाला लावणे, या तीन साध्या गोष्टींनी त्यांनी मृत्यूचे प्रमाण खाली आणले. १९४८ मध्ये त्यांनी तेथे भरवलेल्या चाकखुर्चीवरील स्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिकचा उदय झाला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. मुंबईत हाजी अली येथे शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून काम करीत आली आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. जायबंदी जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र उभे राहिले. त्याच १९६५ च्या वर्षी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचलेले आणि त्यानंतर काही महिन्यांतच युद्धात गोळी लागून चाकांच्या खुर्चीला खिळलेले मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांनी पुढे दिल्लीत मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी मोठे रुग्णालय उभारले आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे दुखापतीनंतर ५६ वर्षे, ते कार्यरत राहिले.

हे यश निर्विवाद आहे. परंतु त्यातूनच नवा प्रश्न जन्माला आला. जो रुग्ण पूर्वी सहा महिने जगत नव्हता तो आता तीस-चाळीस वर्षे जगतो. साहजिकच, दहाव्या किंवा विसाव्या वर्षी उद्भवणारे विकार, जे पाहण्यास पूर्वी रुग्णच उरत नसे, ते आता समोर येऊ लागले. प्राण वाचवण्याची व्यवस्था आपण काही अंशी तरी उभी केली. वाचलेल्या माणसाकडे पुढची तीस वर्षे लक्ष ठेवण्याची व्यवस्था मात्र अजून उभी राहिलेली नाही.

मज्जारज्जूतील पोकळी

उशिरा येणाऱ्या या विकारांत सर्वांत फसवा विकार म्हणजे मज्जारज्जूच्या आत तयार होणारी, द्रवाने भरलेली लांबट पोकळी. ग्रीक पुराणकथेत सिरिंक्स नावाची वनदेवता वेळूच्या बेटात रूपांतरित होते आणि त्या वेळूचा पावा बनतो. फ्रेंच वैद्य ऑलिव्हिए यांनी १८२७ मध्ये मज्जारज्जूतील पोकळीला त्याच शब्दावरून 'सिरिंगोमायेलिया' असे नाव दिले. भरीव असावयाचा रज्जू वेळूसारखा आतून पोकळ होत जातो, हे त्या नावाचे मर्म आहे.

ही पोकळी का वाढते हे समजण्यासारखे आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती मस्तिष्क-मेरुद्रव असतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तो वर-खाली हेलकावत राहतो. इजेच्या जागी रक्त साकळते, जखम भरून येते आणि भरताना रज्जूभोवतीची आवरणे एकमेकांना व रज्जूला चिकटतात. द्रवाची वाट तेथे अडते. अडलेल्या द्रवाचा दाब इजेच्या जागी उरलेल्या लहानशा पोकळीवर येतो आणि ती वर किंवा खाली लांबत जाते. खोकला, शिंक, कुंथणे, जड वस्तू उचलताना दम कोंडणे अशा प्रत्येक प्रसंगी तिला नवा धक्का बसतो. लक्षणे निर्माण करणारी अशी पोकळी जुन्या रुग्णांपैकी शंभरांतल्या साधारण तीन-चार जणांत आढळते. चुंबकीय चित्रणात, म्हणजे एमआरआयमध्ये, लक्षणे नसलेली लहान पोकळी याहून बऱ्याच अधिक जणांत दिसते. विकार डोके वर काढतो तो कधी इजेनंतर काही महिन्यांत, कधी पाच वर्षांनी, कधी तीस वर्षांनी.

याचा प्रत्यक्षातील अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पस्तिशीतला एक माथाडी पाठीच्या मणक्यावर पडून कंबरेखाली लुळा झाला. त्याचे हात धडधाकट राहिले. त्या हातांच्या बळावर तो खुर्चीवरून खाटेवर जाऊ लागला, स्वतःची लघवीची नळी स्वतः घालू लागला, घराच्या दाराशी लहानसे दुकान टाकून बसला. दहा-बारा वर्षे गेली. मग एका खांद्यात आणि मानेत दुखू लागले. खोकले की कळ वर चढे. कोणी तेल चोळावयास सांगितले, कोणी थंडीचा दोष म्हटले. पुढे एके दिवशी चहाचे गरम पातेले हाताने उचलताना त्याला चटका जाणवला नाही. बोटावर फोड आलेला दुसऱ्या कोणी तरी दाखवला. आणखी वर्षभराने पकड सैल झाली, सदऱ्याची बटणे लागेनात. ज्या हातांवर त्याचे उरलेले सारे जगणे उभे होते ते हातच आता निसटू लागले.

चटका न जाणवणे हे लक्षण योगायोगाचे नाही. वेदना आणि उष्णता यांचे संदेश नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यभागातून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस ओलांडतात. हलक्या स्पर्शाचे तंतू मागच्या अंगाने सरळ वर जातात. पोकळी मध्यभागी असल्यामुळे ती आधी ओलांडणारे तंतू कापते. म्हणून अशा माणसाला कापसाचा स्पर्श कळतो, पण टाचणीची टोच किंवा गरम-थंड यांतला भेद कळत नाही. घामाच्या प्रमाणात बदल होणे, पायांचे आचके अकस्मात वाढणे किंवा उलट थांबणे, बधिरपणाची सीमा पूर्वीपेक्षा वर सरकणे, ही अन्य लक्षणे होत.

यावर उपाय आहे. लहान आणि स्थिर पोकळीवर केवळ नजर ठेवली तरी चालते. शक्ती कमी होत चालली असेल तर शल्यचिकित्सक चिकटलेली आवरणे सोडवून द्रवाची वाट मोकळी करतात किंवा पोकळीत बारीक नळी बसवून द्रव बाहेर काढून देतात. परंतु या उपायाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. शस्त्रक्रियेने पुढची झीज बहुधा थोपवता येते. गेलेली शक्ती परत येईलच असे नसते, आणि वेदना तर पुष्कळदा मागे उरते. म्हणजे सारे यश निदान किती लवकर झाले यावर अवलंबून आहे. बटणे लागेनाशी झाल्यावर आलेला रुग्ण आणि चटका न जाणवल्याच्या आठवड्यातच आलेला रुग्ण यांच्या नशिबांत कायमचे अंतर पडते.

डोकेदुखी जी डोक्याची नसते

दुसरा विकार याच्या उलट स्वभावाचा आहे. पोकळी वर्षांच्या गतीने पुढे सरकते. हा मिनिटांत प्राणावर बेतू शकतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा झालेल्यांना तो ग्रासतो. अपघातानंतरचे पहिले काही आठवडे मज्जारज्जू इजेखाली स्तब्ध असतो. ती स्तब्धता ओसरली की धोका सुरू होतो आणि मग जन्मभर राहतो. गुटमान आणि व्हिटरिज यांनी १९४७ मध्ये मूत्राशय ताणल्यामुळे अशा रुग्णांचा रक्तदाब कसा उसळतो याचा अभ्यास मांडला होता.

लघवीची नळी मुडपते, मूत्राशय तुंबते. रुग्णाला ते जाणवत नाही, परंतु इजेखालच्या मज्जारज्जूला जाणवते आणि तो रक्तवाहिन्या आवळून धरतो. मेंदूचा 'सैल सोडा' हा आदेश इजेच्या जागी अडतो. रक्तदाब भराभर चढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो, मानेवर घाम फुटतो, अंगावर काटा येतो, नाडी मात्र मंदावते. बद्धकोष्ठ, शय्याव्रण, पायाच्या बोटात रुतलेले नख, घट्ट पट्टा अशी इतर कारणेही असू शकतात. वेळीच कारण दूर झाले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

येथे एक मोठी फसगत होते. अशा रुग्णांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० च्या दरम्यान असतो. संकटाच्या वेळी तो १४० झाला तर यंत्र पाहणाऱ्याला तो किंचित वाढलेला वाटतो. प्रत्यक्षात तो ३०-४० ने उसळलेला असतो. डोकेदुखीची गोळी देऊन आडवे निजवणे हा तर घातक उपचार ठरतो. रुग्णाला ताबडतोब ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे व पट्टे सैल करावेत, नळी कोठे मुडपली वा तुंबली आहे काय हे पाहून मूत्राशय रिते करावे, दर थोड्या मिनिटांनी रक्तदाब मोजावा आणि उतार पडत नसेल तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. एवढे ज्ञान पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदावर मावते. रुग्णाच्या खिशात आणि घरातल्या भिंतीवर तो कागद असेल तर त्याचा प्राण वाचू शकतो, कारण रात्री दोन वाजता दवाखान्यात हजर असणाऱ्या तरुण डॉक्टरने असा रुग्ण पूर्वी पाहिलेलाच असेल असे नाही.

याखेरीज इतर विकार आहेत. ज्या भागात संवेदनाच नाही त्या भागात आग होत राहणे हा वरकरणी विरोधाभास वाटतो. परंतु अशी मज्जातंतुजन्य वेदना निम्म्याहून अधिक रुग्णांना कमी-अधिक प्रमाणात भोगावी लागते, आणि तिच्यावर साध्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा निराळ्या वर्गाची औषधे चालतात. 'पाय गेले म्हणता आणि पाय जळतात म्हणता' असे ऐकावे लागल्याने पुष्कळ जण ती सांगणेच सोडून देतात. मज्जारज्जू आवरणाला चिकटून ताणला गेला तर पोकळी नसतानाही शक्ती घटू शकते. पायांचे आचके वाढणे हे कधी मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाचे, कधी न दिसणाऱ्या शय्याव्रणाचे, तर कधी पोकळीचे पहिले सूचक असते. आणि वर्षानुवर्षे चाके ढकलून मनगटातील मज्जातंतू दबतो, बोटांना मुंग्या येतात. तो विकार साधा आहे, उपचारसाध्य आहे, पण तो पोकळीहून वेगळा ओळखावा लागतो.

'वय झाले' हे निदान नव्हे

असे असताना निदान उशिरा का होते? पहिले कारण, रुग्णाला कोणी हे सांगितलेलेच नसते. रुग्णालयातून घरी जाताना त्याला औषधांची चिठ्ठी मिळते, पुढील तीस वर्षांची जाणीव मिळत नाही. दुसरे कारण, लक्षणे सामान्य भासतात. मान दुखते तर मणक्यांची झीज, हात बधिर होतात तर अशक्तपणा, पकड सुटते तर वय झाले, अशी सोपी उत्तरे जवळच तयार असतात. मग मालिश होते, क्वचित मान झटकून 'मणका बसवणारा'ही गाठला जातो, ज्याने अपाय होण्याचा संभव अधिक. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, तुलनेसाठी जुनी नोंदच नसते. आजची पकड कमी आहे हे ठरवायचे तर गेल्या वर्षीची पकड किती होती हे कोठे तरी लिहिलेले असावे लागते.

यावर खर्चाचा आक्षेप लगेच घेतला जाईल. प्रत्येक रुग्णाचे दरवर्षी एमआरआय चित्रण करणे सरकारी रुग्णालयांना कसे परवडावे, असा तो आक्षेप आहे आणि तो अप्रस्तुत आहे. कारण तशी आवश्यकता नाही. मज्जारज्जूच्या इजेची तपासणी करण्याची, १९८२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली आणि पुढे जगभर स्वीकारली गेलेली पद्धत आहे. तीत शरीराच्या प्रत्येक बाजूचे १० स्नायुगट शून्य ते पाच अशा गुणांनी मोजतात आणि प्रत्येक बाजूचे २८ त्वचाभाग कापूस व टाचणी यांनी तपासतात. स्नायूंचे एकूण गुण शंभर होतात. शिक्षकाला उत्तरपत्रिका जितकी परिचित, तितका हा तक्ता डॉक्टरला सोपा आहे. कापूस, टाचणी, तक्ता आणि प्रशिक्षित डॉक्टरचा अर्धा-पाऊण तास एवढीच त्याची सामग्री. ज्याचे गुण घटले त्याचेच चित्रण करावयाचे. गरज यंत्राहून अधिक नियमाची आहे.

हा नियम तुर्भ्यासारख्या ठिकाणी राबवणे अशक्य नाही. १९६९ चा माथाडी कायदा असंघटित कष्टकऱ्यांसाठी साऱ्या देशात मार्गदर्शक मानला गेला. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी उभारलेल्या चळवळीमुळे नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत हे सारे मंडळांच्या कक्षेत आले. शंभर किलोंच्या गोणीऐवजी पन्नास किलोंची गोणी असावी ही माथाडींची जुनी मागणी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची शिफारस-मर्यादा ५५ किलो ठेवली होती. दुखापत होऊ नये म्हणून झालेला हा विचार मोलाचा आहे. दुखापत झालेल्यांची यादी ठेवणे, प्रत्येकास वर्षातून एकदा बोलावणे आणि तक्त्याची प्रत त्याच्याच हाती देणे, ही त्या विचाराची पुढची पायरी आहे.

कायद्यालाही एका जागी आपले गृहीत तपासावे लागेल. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कायमच्या अपंगत्वाची भरपाई एकरकमी ठरवली. एकदा रक्कम हाती पडली की प्रकरण मिटले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मात्र, दुखापतीचे परिणाम पुढे अनपेक्षितपणे बरेच वाढले तर अपंगत्वाचे मूल्यमापन पुन्हा करता येईल, अशी तरतूद केली होती. म्हणजे दुखापत पुढेही वाढू शकते हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. ज्या पोकळीमुळे कंबरेखालचा लुळेपणा हातांपर्यंत चढतो तिच्या बाबतीत हे तत्त्व सर्व कष्टकऱ्यांना लागू व्हावे, आणि 'कायम' असा शिक्का मारलेले प्रमाणपत्र पुन्हा उघडण्याची वाट सोपी असावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. शासकीय सेवेतील कारकुनाला सेवेत असताना अपंगत्व आले तर त्याला कामावरून काढता येणार नाही, असे संरक्षण १९९५ च्या आणि पुढे २०१६ च्या कायद्याने दिले. टोळीत मजुरी करणाऱ्याला तसे कवच नाही. त्याचे हात हेच त्याचे सेवापुस्तक.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की वस्तीतल्या कुटुंबाचे अर्ज तेच लिहून देतात, रुग्णालयाचे कागद तेच वाचून दाखवतात, आणि 'मामांचा हात हल्ली बधिर होतो' हे वाक्य पुष्कळदा त्यांच्याच कानी प्रथम पडते. ५ सप्टेंबर हा आपल्याकडे शिक्षकदिन. २०१६ पासून तोच दिवस जगभर मज्जारज्जूच्या इजेविषयी जागृतीचा दिवस म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी शाळेत हस्तिदंती मनोऱ्यातील भाषणांऐवजी मज्जारज्जूचे एक चित्र फळ्यावर काढले गेले आणि चटका न जाणवणे, खोकल्यासरशी चढणारी कळ, सुटत चाललेली पकड आणि अकस्मात ठणकणारे डोके या चार खुणा विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घरी नेल्या, तर त्यांतली एखादी वही एखाद्या घरी नेमकी वेळेवर पोचेल.

तुर्भ्याच्या बाजारात येणारी प्रत्येक गोणी काट्यावर चढते. तिचे वजन पावतीवर लिहिले जाते आणि त्यावर वाराई, तोलाई, हमाली यांचा पैशापैशाचा हिशेब होतो. त्या गोणीखाली ज्याचा कणा मोडला त्या माणसाच्या हातांत या वर्षी किती बळ उरले आहे, हे वर्षातून एकदा मोजून लिहून ठेवणे बाजाराला, मंडळाला आणि शासनाला जड जाऊ नये.